इंजिन बदलायचं की काम करायचं

ती. दादा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. रेंज गेली म्हणा, की दादा चिडले म्हणा. म्हणून सविस्तर लिहिते. दादा, आईलाही वाचून दाखवा, तिजोरीची किल्ली तिच्याकडे आहे.

मिस्त्री म्हणतात, आपल्या गाडीचं इंजिन काढून टाका, तोडलेल्या गाडीचं तयार इंजिन आणून बसवतो. काकांचंही तेच. मला विचाराल तर आपल्याच इंजिनाचं काम करावं; मात्र उघडण्याआधी तपासून घ्यावं. आजवर कुणी काही मोजलेलंच नाही, नुसता धूर बघून निकाल दिलाय.

धूर खोटा नाही. मला वाळूजला सोडून परत जाताना मांजरसुंब्याचा घाट गाडीनं दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढला आणि घरी पोचेपर्यंत ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं, हे तुम्हीच सांगितलंत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवाटे खालून वर चढतं, नाहीतर हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या, व्हॉल्व्ह सीलवाटे वरून उतरतं. पहिल्यात खर्च मोठा, दुसऱ्यात त्या मानानं किरकोळ. म्हणून डिझेल फवारणारे नोझल काढून चारही सिलिंडरांना कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब मोजायचा, गेज लावायला सांगा. जिथं कॉम्प्रेशन कमी भरेल तिथं अगदी थोडं ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट.

रिंगाच निघाल्या तर पुढचं नीट ऐका. मिस्त्री हमखास 'हाफ इंजिन करून टाकू' म्हणतील, म्हणजे बोअर तसाच ठेवून नव्या रिंगा. हेड उतरवल्यावर तुम्ही स्वतः सिलिंडरच्या आत, वरच्या काठाजवळ नख फिरवून बघा. वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथं झीज सगळ्यात जास्त असते. नखाला पायरी अडली तर त्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात, दिवाळीपर्यंत पुन्हा धूर. मग बोअर मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन, नाहीतर नवा लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी. काही झालं तरी होनिंग, म्हणजे बोअर आतून बारीक घासणं, झालंच पाहिजे. आत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्यांच्यात ऑइल धरून राहतं. आरशासारखा गुळगुळीत बोअर दाखवून कुणी 'बघा काय फिनिशिंग' म्हणालं तर मान डोलावू नका. माझा दिवस होनिंगच्याच मशीनवर जातो, एवढं माझं ऐका.

क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, माप लेथवाल्याकडून मायक्रोमीटरनं घ्या. पहिल्या साइझवर, म्हणजे एकच पायरी बारीक, ग्राइंड होऊन बेअरिंग बसत असतील तर काहीच हरकत नाही. क्रँकला तडा असेल किंवा ब्लॉक फुटला असेल, तर मात्र मी हट्ट सोडते, दुसरं इंजिन बघू.

तयार इंजिनाची भीती वेगळीच. ते किती पळालंय, तापून बंद पडलं होतं का, कोण सांगणार? शिवाय आर.सी.वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, इंजिन नंबर असतो. नंबर बदलला की लातूरच्या आरटीओत नोंद करून घ्यावी लागते आणि त्याला इंजिनाचं पक्कं बिल लागतं. तेच बिल विचारल्यावर मिस्त्री विषय बदलतात, असं आईच म्हणाली. गाडी 2009 ची, 15 वर्षं भरल्यावर पासिंग करून घेतलीय, 2029 पर्यंत कागद साफ आहेत. कशाला त्यात घोळ?

इंजिन गेलं कशानं, हे विचारायला सगळे विसरलेत. सोयाबीनच्या दिवसांत खळ्यावरची धूळ खाऊन एअर फिल्टर भरतो, हवेच्या पाइपाचा क्लॅम्प ढिला असला की तीच धूळ आत जाऊन रिंगा खाते. आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी! 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात कूलंट कुठलं न् काय, हे मलाही कळतं. पण त्या क्षारानं रेडिएटरच्या नळ्या चोंदल्यात. आईच्या पाणी तापवायच्या पातेल्याला जो पांढरा थर येतो ना, तोच. रेडिएटर साफ न करता इंजिन बांधलं तर तेही तापणार.

बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर ओझं नको, ताण नको. पोती बाजारात न्यायला टेम्पो सांगा. ऑइल आणि फिल्टर लवकर बदला.

आई, तुझं म्हणणं की गाडीच विकून टाकावी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दादांनी रात्रीची गाडी सोडली, ती सोडलेलीच राहू दे. पण शेत, बँक, अंबाजोगाईचा दवाखाना, एवढ्यासाठी गाडी दारात असावी असं मला वाटतं. यावर भांडायचं तर माझ्याशी भांड, त्यांना बोलू नकोस.

खर्चाचा निम्मा भाग माझा. नाही म्हणू नका दादा. चार सिलिंडरांचे चार आकडे कागदावर लिहून फोटो पाठवा, तोपर्यंत मिस्त्रींना इसार देऊ नका. हेड उतरवायचं ठरलं तर रविवार धरा, मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते.

तुमची,
मोठी