हिरकणीवाडीच्या जीपवाल्या काकांना उघडं पत्र

काका,
सा. न. वि. वि.

महाडच्या आसपास पाहुण्यांना खोल्या देणारी आम्ही चार-पाच घरं मिळून हे पत्र लिहितोय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि स्टार्टर मारता. शिवाय रोपवेने रायगड कसा बघावा याबद्दल तुम्ही जे सांगता ते ज्यांच्या उपयोगाचं, ती माणसं अजून महाडला पोचायची आहेत. म्हणून उघडं पत्र.

रायगडचा रोपवे १९९६ पासून चालू आहे. तेव्हापासून "अर्ध्या दिवसात रायगड आणि देवळं" हा बेत सगळेच आखतात, आणि निम्म्यांचा तो दुपारी दोनला गडावरच अडकतो. तुम्ही आम्हाला एक वाक्य दिलंत आणि आमची सगळी आखणी बदलली: "रोपवे चढ वाचवतो, चाल वाचवत नाही." खाली पाळण्यात बसलेल्या आजींना वाटतं, आता दार उघडलं की समोर देऊळ. प्रत्यक्षात वरच्या स्टेशनातून बाहेर पडलं की आधी मेणा दरवाजाकडे जाणाऱ्या पायऱ्या, मग राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ आणि त्याच्याही पुढे जगदीश्वराचं देऊळ. धडधाकट माणसाला न थांबता अर्धा तास. गुडघे कुरकुरणाऱ्याला पाऊण तास, कधी त्याहून जास्त. आणि तेवढंच परत. जगदीश्वर हे टोकाचं ठिकाण आहे, हे ज्याला आधी कळलं त्याचा दिवस जमला.

तुमचा दुसरा उपकार म्हणजे घोटाळा सुरू होण्याआधीच तो थांबवणं. अष्टविनायकातला वरदविनायक महडचा, खोपोलीजवळचा. आपलं हे महाड. दोन्ही रायगड जिल्ह्यात, फरक एका कान्याचा आणि अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. फोनच्या नकाशात इंग्रजी अक्षरांनी शोधलं की दोन्ही नावं सारखीच दिसतात. त्यामुळे रोपवे आणि वरदविनायक एकाच सकाळी करायला निघालेली माणसं दर मोसमात भेटतात. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारता, "गणपतीला जायचंय की जगदीश्वराला?" तोच प्रश्न आता आम्ही खोली देतानाच विचारतो. रेल्वेने येणाऱ्यांनाही सांगून ठेवतो की कोकण रेल्वेवर महाड नावाचं स्टेशन नाही, उतरायचं वीरला.

रस्त्याचं थोडक्यात. महाडहून नाते, कोंझर, पाचाड असं गेलं की पंचवीसेक किलोमीटर. पाचाडच्या पुढे चित दरवाजाशी पायऱ्यांची वाट सुरू होते. तिथे गाड्यांची गर्दी दिसते म्हणून लोक उतरून पडतात आणि पन्नासेक पायऱ्या चढल्यावर "रोपवे कुठाय?" असं विचारतात. रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीला, आणखी पुढे. गाडी सोडून द्यायची ती तिथे पोचल्यावरच.

आता वेळापत्रक, कारण खरी गंमत त्यातच आहे. तुम्ही महाडहून सातच्या आत निघायला लावता. पाहुणे कुरकुरतात, "चार-पाच मिनिटांचा तर रोपवे, एवढी काय घाई?" तुम्ही त्यांना जे समजावता ते इथे लिहून ठेवतो. हा रोपवे रहाटासारखा सतत फिरत राहणारा नाही. एका टोकाचे पाळणे वर निघतात तेव्हाच दुसऱ्या टोकाचे खाली येतात आणि अर्ध्या वाटेत दोघं एकमेकांना ओलांडतात. उतरणाऱ्यांचं वजन चढणाऱ्यांना हातभार लावतं, म्हणून जोराची मोटर न लावताही काम भागतं. पण याच रचनेमुळे एका फेरीत मोजकीच माणसं जातात आणि वरच्या स्टेशनात कुणी फोटो काढत रेंगाळलं तर खालच्या रांगेचाही खोळंबा होतो. पाळणा जलद आहे, रांग नाही. सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत चढलेली माणसं साडेअकराच्या सुमारास परत फिरतात तेव्हा उतरणारी रांग अजून लहान असते. दहा-साडेदहाला चढलेल्यांना खाली चढायची रांग आणि वर उतरायची रांग अशा दोन्ही लागतात, आणि दुसरी रांग उन्हात, उपाशी पोटी. परतीचं तिकीट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायला सांगता तेही याच जागेसाठी. ते शोधताना मागच्यांच्या नजरा सोसत नाहीत.

वाऱ्याबद्दल तुमचं ऐकायला आम्हाला उशीर लागला. धुकं दिसलं की पाहुणे घाबरतात, वारा असला की खुश होतात. असायला हवं नेमकं उलटं. पाळणा दोरावर टांगलेला असतो. बाजूने वारा लागला की तो झुलतो, आणि मधल्या मोकळ्या दरीत त्या झुलण्याने काही बिघडत नाही. अडचण स्टेशनात शिरताना, कारण तिथे त्याला ठरलेल्या फटीतून आत यायचं असतं. म्हणून वारा चढला की रोपवे थांबवतात, विजा कडाडल्या तर लगेच थांबवतात. अशा वेळी खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. पावसाळ्यात आणि देखभालीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा. आदल्या दिवशीचं "चालू आहे" हे आदल्या दिवसापुरतंच असतं. पाळणा मध्येच थांबला तर दाराशी खटपट करायची नाही, उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला झुकून खाली बघायचं नाही.

तारखांचंही तसंच. ६ जूनला राज्याभिषेक दिन, शिवाय ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीनुसार पुन्हा एकदा, आणि चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवसांत गडावर जावं ते पायी, मुक्कामाच्या तयारीने. अर्ध्या दिवसाचा बेत घेऊन जाऊच नये. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती बघून येणाऱ्यांना तुम्ही सरळ पुढची तारीख देता. धंदा सोडून तारीख बदलणारा जीपवाला आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

वर पोचल्यावर काय सोडायचं, याची तुमची यादी बघण्याच्या यादीपेक्षा मोठी आहे. टकमक टोक सोडा, हिरकणी बुरूज सोडा, गंगासागर तलाव लांबूनच मनोऱ्यांसकट बघा. आधी हे आम्हाला पापासारखं वाटायचं. पण चार तासांत सगळं बघू म्हणणाऱ्याचं जगदीश्वर हुकतं, हे गणित खरं आहे. राजसभेत मात्र तुम्ही पाच मिनिटं राखून ठेवता. एकाने सिंहासनाच्या जागेजवळ हलक्या आवाजात बोलायचं आणि दुसऱ्याने नगारखान्याच्या दरवाजाशी उभं राहून ऐकायचं. मधे शेकडो माणसं मावतील एवढं अंगण, तरी शब्द पोचतो. गर्दी वाढली की हे जमत नाही, म्हणून जातानाच करायचं. येताना करू म्हटलं की राहिलंच.

होळीच्या माळावरून शिर्काईचं देऊळ जवळ आहे. छोटं देऊळ, पण गडाची देवी ती. हा गड रायरी होता तेव्हापासून शिर्के घराण्याशी जोडलेलं हे नाव. देवीचं मूळ ठाणं हे नव्हे, ते माळालगत होतं असं मानतात, आणि त्या जागेला शिर्काईचा घरटा म्हणतात. मुलांना "घरटा" शब्द भारी आवडतो. इथे दहा मिनिटं पुरतात.

बाजारपेठेतून पुढे वाट थोडी उतरते आणि पुन्हा चढते. जाताना हा उतार कुणाच्या लक्षात येत नाही, परतताना तोच चढ होतो आणि उन्हं डोक्यावर आलेली असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बाजारपेठेच्या टोकाशी विचारायचं, "परत यायला दम शिल्लक आहे का?" पुढे जायला दम असतोच सगळ्यांना.

जगदीश्वराबद्दल तुम्ही आम्हाला जे दाखवलंत त्यासाठी एवढं एकच पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं. लोक आत जाऊन पिंडीला हात जोडतात, बाहेर येतात, समाधीकडे वळतात. तुम्ही त्यांना प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला भिंतीपाशी थांबवता. तिथला संस्कृत शिलालेख सांगतो की छत्रपती सिंहासनावर असताना, त्यांच्या आज्ञेने, जगदीश्वराचा हा प्रासाद उभा राहिला. सालही त्यातच आहे, पण शब्दांत: "षण्णवबाणभूमि". षण् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण मदनाचे पाच, भूमी एक. जुन्या रीतीप्रमाणे हे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शके १५९६. तेच राज्याभिषेकाचं १६७४ साल. सातवी-आठवीतल्या मुलाला हे कोडं घालावं, तो समाधीपर्यंत न कंटाळता चालतो. मग पायरीखालचा, गड बांधणाऱ्याच्या नावाचा तो लहानसा लेख, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर". तो वाकूनच वाचावा लागतो. सकाळचं तिरपं ऊन असताना अक्षरं उठून दिसतात. दुपारी सावली उरत नाही, दगड सपाट दिसतो आणि लोक म्हणतात, "कुठाय? काही नाही तिथे." पूर्वेच्या दरवाजापासून थोड्या अंतरावरचा अष्टकोनी चौथरा म्हणजे महाराजांची समाधी.

इथे तुमच्या पायमोज्यांचे आभार. देवळात आणि समाधीपाशी चपला काढायच्या, आणि गडाचा काळा दगड अकरानंतर तव्यासारखा तापतो. माणसं टाचांवर नाचत दर्शन घेतात. जुने सुती पायमोजे प्रत्येकाच्या पिशवीत एक जोड, एवढाच उपाय. पावसाळ्यात मात्र पायमोजे नकोत, शेवाळावरून घसरतात. तेव्हा अनवाणीच बरं, आणि वाटेवर खाचा असलेल्या रबरी तळव्याचे बूट. गुळगुळीत झालेली स्लिपर ओल्या पायरीवर घातली की पुढचा मुक्काम महाडला हाडांच्या डॉक्टरकडे.

पाणी माणशी एक लिटर खालूनच न्यायचं. वर ताक, लिंबू सरबत, मडक्यातलं दही मिळतं, ते आसपासच्या वाड्यांतल्या बाया विकतात. दूध विकायला गडावर गेलेल्या हिरकणीच्या नावाच्या वाडीतून पाळण्याने वर जावं आणि ताक प्यावं, हे आम्हाला फार शोभून दिसतं. पिठलं-भाकरी मात्र आधी सांगून ठेवावी, म्हणजे परतताना तयार मिळते. आयत्या वेळी मागितली तर भाकऱ्या थापेपर्यंत वाट बघावी लागते आणि तेवढ्यात उतरायची रांग दुप्पट होते. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. माकडं पिशवी बघतात, माणूस बघत नाहीत.

खाली उतरल्यावर पाचाड. ते शेवटी ठेवण्यात तुमचा धोरणीपणा आहे. तिथे जिजाऊंची समाधी गाडीपासून जवळ आहे, चढ नाही, थकलेली माणसंही सहज जातात. गडावरची थंड, वाऱ्याची हवा मानवेना म्हणून महाराजांनी आईसाठी पाचाडला वाडा बांधला असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. वाड्यातली तक्क्याची विहीर बघायला विसरू नये. तिथे टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. ज्या आजी गुडघ्यांमुळे गडावर गेल्याच नाहीत त्यांना तुम्ही सकाळी पाचाडलाच थांबवता, आणि गडाखाली राहिल्याचं त्यांना काही वाटत नाही. हे आम्हाला कधी सुचलं नसतं.

बाकीची ठिकाणं पटकन सांगतो. शिवथरघळ त्याच दिवशी नको, तिला स्वतंत्र दिवस द्यावा. गांधारपाले लेणी महामार्गालगत असली तरी पायऱ्या आहेत आणि गडावरून आलेले पाय त्या मान्य करत नाहीत. बिरवाडीकडचा वाळणकोंडचा डोह, देवीचे म्हणून राखलेले तिथले मासे, त्यांना टाकलेले कुरमुरे, हे लहान मुलं बरोबर असतील तर गडाऐवजी करावं. गडाबरोबर नव्हे.

एका गोष्टीवर मात्र तुमचं-आमचं अजून पटत नाही, ते आभाराच्या पत्रातही लिहून टाकतो. महाडचा वीरेश्वर तुम्ही सकाळी सगळ्यात आधी लावता. ग्रामदैवताला विचारल्याशिवाय गडाकडे तोंड करायचं नाही, शिवरात्रीनंतरच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या ज्याच्या भेटीला येतात त्याला शेवटी कसं ठेवायचं, हा तुमचा मुद्दा. आमचा मुद्दा असा की पाहुणे एकदा देवळात शिरले की पाऊण तास बाहेर पडत नाहीत, तळ्याकाठी फोटो होतात, चहा होतो, आणि पहिल्या फेऱ्या हातच्या जातात. गेल्या मोसमात तुम्ही सकाळी जीप उभी करून, इंजिन चालू ठेवून, फक्त उंबऱ्यावरून हात जोडायला लावलेत आणि दुपारी परतताना आत नेऊन नीट दर्शन घडवलंत. तसंच चालू ठेवा. डिझेल थोडं जळतं, ते आम्ही हिशोबात धरू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
महाडची पाहुणेवाली मंडळी

ता. क. : पुढच्या महिन्यातल्या पाहुण्यांना निघायची वेळ पावणेसात सांगितली आहे. म्हणजे ते सातला निघतील.