कोड उघडा आहे हो, पण चालते ती बायनरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत ओपन सोर्सवरचा लेख वाचला, चांगलाच होता, पण त्यात एक वाक्य होतं की कोड सगळ्यांसमोर उघडा असतो त्यामुळे कोणीही तपासून बघू शकतो, आणि ते काही डोक्यातून जाईना. चूक नाहीये, पण अर्धंच आहे. आपण जे वापरतो तो कोड नसतोच ना. कोणीतरी कुठल्यातरी मशीनवर तो कंपाइल करून, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा फाइलमध्ये बदलून ठेवलेला असतो आणि आपण ती तयार फाइल, म्हणजे बायनरी, डाउनलोड करतो. मी फावल्या वेळात एका छोट्या सी प्लस प्लस लायब्ररीचे, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडचे, रिलीज काढतो, म्हणून म्हटलं लिहावं.

पहिल्या रिलीजला मी काय केलं तर स्वतःच्या लॅपटॉपवर, ताज्या ताज्या लिनक्सवर बिल्ड काढला, म्हणजे कोडपासून बायनरी बनवली, आणि दिला टाकून. माझ्याकडे झकास चालत होतं. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू, सगळ्यांचं एकच, जीलिबसी २.३४ सापडत नाही. ही जीलिबसी म्हणजे बहुतेक लिनक्समध्ये सगळ्या प्रोग्रामच्या पायाशी असलेली सी लायब्ररी, आणि तिचा हिशोब असा की जुनीवर बांधलेलं नवीनवर चालतं पण नवीनवर बांधलेलं जुनीवर चालेल याची खात्री नाही. म्हणजे बायनरी सगळीकडे चालायला हवी असेल तर मुद्दाम जुनाट सिस्टिम शोधून तिच्यावर बिल्ड काढायचा! पायथनवाल्यांनी तर याचा नियमच करून टाकला, २०१६ साली त्यांनी बायनरींसाठी मॅनीलिनक्स१ नावाचं मानक ठरवलं ते २००७ च्या सेंटओएस ५ या लिनक्सवर बेतून, नंतरचं मॅनीलिनक्स२०१४ सेंटओएस ७ वर, आणि त्या सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला तरी तिच्यावर बेतलेल्या फाइल्स अजून सर्रास वापरात आहेत. आणि एवढं करूनही अल्पाइन लिनक्सवाले बाहेरच राहतात, कारण त्यांच्याकडे जीलिबसी नाही, मसल नावाची दुसरी सी लायब्ररी आहे, त्यांच्यासाठी वेगळा बिल्ड.

विंडोज आणि मॅकचं सांगत बसत नाही, नुसतं एवढंच की २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला, जुन्या इंटेलवाल्या मॅकसाठी एक आणि नव्यासाठी एक असे बिल्ड लागायला लागले आणि मॅकसाठीचं काम एका फटक्यात दुप्पट झालं.

अजून एक गाढवपणा कबूल करतो. कंपायलरला "मार्च नेटिव्ह" नावाचा ऑप्शन देता येतो, म्हणजे माझ्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. स्पीड बघून मी खूश, आणि जुन्या प्रोसेसरवाल्यांकडे प्रोग्राम "इललीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून जागीच आडवा. त्या बिचाऱ्यांना वाटलं त्यांचं मशीन बिघडलं.

पण हे सगळं त्रासाचं झालं, भीतीचं वेगळंच आहे. आमची लायब्ररी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर अवलंबून आहे. वापरणाऱ्याला भानगड नको म्हणून आम्ही ओपनएसएसएल आमच्याच पॅकेजमध्ये कोंबून देतो, खूप जण देतात. आता २०१४ चं हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएलमध्येच सापडलेलं सुरक्षेचं मोठं भगदाड. ज्यांचा प्रोग्राम सिस्टिममधली ओपनएसएसएल वापरत होता त्यांनी अपडेट मारला, सर्व्हर रीस्टार्ट केला, झालं. ज्यांच्या पोटातच तिची कॉपी होती त्यांना सिस्टिम अपडेटचा काही उपयोग नाही, पॅकेज बनवणारा नवीन बिल्ड काढेल तेव्हाच. म्हणजे तेव्हाची जबाबदारी माझ्यासारख्या फावल्या वेळवाल्यावर, आणि मी सुट्टीवर असलो तर?

आणि "कोणीही तपासू शकतो" याचं उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये मिळालंच की. एक्सझेड नावाची डेटा कॉम्प्रेस करणारी लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. कोड उघडाच होता, पण तो चोरदरवाजा चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे कोड जिथे सगळ्यांना वाचता येतो तिथे, नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीजसाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, घुसवलेली होती. म्हणजे गिट वाचणाऱ्याने कितीही डोळे फोडले तरी ती तिथे दिसणार नव्हती. ते सापडलं कसं तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या मशीनवर केलेलं लॉगिन, अर्धा सेकंद उशिरा होतंय असं वाटलं म्हणून. आणि तो तर सोर्सचाच टारबॉल होता बरं का, बायनरीत काय दडलंय ते नुसत्या डोळ्यांनी कोण वाचणार?

यावर उपाय आहे, रिप्रोड्यूसिबल बिल्ड म्हणतात त्याला, एकाच कोडपासून दोघांनी वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड काढला तर बाइट टू बाइट तीच फाइल निघाली पाहिजे. डेबियन लिनक्सवाले कित्येक वर्षं याच्या मागे लागलेत. मी आमच्या लायब्ररीवर करून बघितलं तर एकाच मशीनवर लागोपाठ काढलेले दोन बिल्डसुद्धा जुळेनात. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं, एका ठिकाणी बिल्डची वेळ आत लिहिली जात होती आणि दुसरीकडे फोल्डरचा पूर्ण पाथ. ते काढलं, आता जुळतंय, निदान लिनक्सवर तरी, विंडोजचं बाकी आहे.

तर एक विनंती. तुमच्या पुरवणीत फुकट सॉफ्टवेअरच्या याद्या येतात, त्यात नावाबरोबर अधिकृत पानाचा पत्ताही देत जा, आणि डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, कसा बघायचा ते एकदा छापा, लिनक्सवर आणि विंडोजवर दोन्हीकडे एका कमांडचं काम आहे. मात्र चेकसम त्याच पानावरून घेतला तर त्याने फक्त डाउनलोड अर्धवट झालंय का तेवढंच कळतं, पानच कोणी हॅक केलं असेल तर चोर चेकसमही बदलणारच, हे पण त्यात लिहा.

आपला,
एक वाचक