मा. आयुक्त, दादर-माटुंग्यातली मोकळी जागा विकू नका

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार,

शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंगा इथल्या पुनर्विकासाबद्दल हे पत्र लिहितो आहे. पुनर्विकास थांबवा, असं माझं म्हणणं नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वारसा जपायला सांगणं मला पटत नाही. मागणं एकाच गोष्टीचं आहे आणि ती आपल्या अखत्यारीतली आहे: इमारतीभोवती नियमानं सोडायच्या मोकळ्या जागेत प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, घेऊन दिली जाणारी सूट.

हा परिसर आज मुंबईच्या ऐन मध्यात असला, तरी वसला तो उपनगर म्हणून. १८९६ साली प्लेग आला. १८९८मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट चाळींच्या शहरापासून लांब, उत्तरेला दादर-माटुंगा-शीवकडे, आखीव वस्त्या करायचं ठरलं. ट्रस्टचे जे. पी. ऑर उजेड आणि हवा यांच्याच मागे लागलेले. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन त्याहून मोठा असता कामा नये. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. तळमजल्यावरच्या खोलीतही उजेड आलाच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

महापालिकेनं १९२५मध्ये माहीम पार्क केलं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७मध्ये त्याचं शिवाजी पार्क झालं. पुढच्या वीसेक वर्षांत त्याच्या भोवतीनं आणि माटुंग्यात ज्या इमारती उठल्या, त्या आर्ट डेको घडणीच्या, म्हणजे गोलाई आणि ठळक रेषा मिरवणाऱ्या त्या काळच्या शैलीतल्या. आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, नुकतंच रुळत होतं, म्हणून खांबाच्या आधाराशिवाय बाहेर झेपावणारी गोलाकार बाल्कनी जमू लागली. आमच्या गल्लीतली कुठलीही जुनी इमारत कोपऱ्यावरून बघा. बाल्कनी कोपऱ्याला वळसा घालून जाते, तिच्यावरून सलग छज्जा पळतो, जिन्याच्या जागी खालपासून वरपर्यंत काचेची उभी पट्टी असते. फाटकाच्या लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याचे किरण. आत पायऱ्यांना मोझॅक, हाताला गुळगुळीत सागवानी कठडा. इमारतीचं नाव सिमेंटच्या उठावदार अक्षरांत.

माझ्या लेखी मात्र या इमारतींची खरी किंमत त्यांच्या रस्त्याशी असलेल्या नात्यात आहे. कंपाउंडची भिंत कमरेएवढी, आत दोन-तीन झाडं, मग तळमजल्याची खिडकी. तिसऱ्या मजल्यावरची बाई अजूनही भाजीवाल्याला वरून हाक मारते, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, मेथी वर ओढून घेते आणि सुटे पैसे त्याच पिशवीतून पाठवते. रात्री उशिरा क्लासहून येणाऱ्या मुलीला या गल्लीत भीती वाटत नाही, कारण दोन्हीकडच्या बाल्कन्यांत कुणी ना कुणी असतं.

आता नव्या टॉवरकडे बघा. नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत, म्हणून खाली पार्किंगचे मजले चढतात आणि पहिलं घर सुरू होतं ते जुन्या इमारतीच्या गच्चीच्याही वर. रस्त्याला तोंड करून असतात सिमेंटच्या जाळ्या, एक्झॉस्टचे पंखे आणि ट्रान्सफॉर्मरची खोली. मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, की पावसाचं पाणी मुरायला जागा उरत नाही आणि मूळ धरायला झाडालाही नाही. हे बिल्डर चोरून करत नाही. बाजूच्या अंतरात जेवढी तूट, तेवढा प्रीमियम भरायचा आणि मंजुरी घ्यायची, असा रीतसर रस्ता महापालिकेनंच ठेवला आहे. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्याचा उजेड जातो, पैसे मात्र तिजोरीत जमा होतात आणि त्या शेजाऱ्याला कुणी विचारतही नाही. ज्या उजेडासाठी ही वस्ती वसवली, तोच आपण विकायला काढला आहे. याचा मला मनापासून राग येतो.

२०१२मध्ये महापालिकेनं वारसा यादीचा प्रस्ताव काढला, त्यात शिवाजी पार्क परिसर होता. रहिवासी खवळले आणि त्यांचं चुकलं नाही. १९४७च्या भाडे कायद्यापासून भाडी गोठलेली, घरमालक डागडुजीला हात लावत नाही, पागडीची, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम भरून कमी भाड्यात राहणारी, भाडेकरू मंडळी गळक्या छताखाली बसलेली. आणि वरून वारशाचा शिक्का. पैसे कुठून आणायचे, ते कुणी सांगितलं नाही. २०१८मध्ये युनेस्कोनं मुंबईच्या आर्ट डेकोला मान दिला, तोही ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरापुरता. दादर-माटुंग्याचं त्यात काही नाही.

म्हणून इमारत पाडावी की ठेवावी, हा वाद बाजूला ठेवून सांगतो. हा परिसर ज्यांत येतो त्या महापालिकेच्या जी-उत्तर आणि एफ-उत्तर विभागांतल्या आतल्या रस्त्यांवर मोकळ्या जागेतली सूट बंद करा. रस्त्याकडच्या बाजूला पार्किंगचे मजले नकोत; तिथे घरं किंवा दुकानं येऊ द्या आणि गाड्या मागे किंवा तळघरात जाऊ द्या. दर्शनी मोकळ्या जागेचा काही भाग मातीचाच राहील, अशी अट मंजुरीतच घाला. जी सोसायटी जुनी इमारत दुरुस्त करून ठेवायला तयार असेल, तिला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, असा द्या की त्यातून लिफ्ट बसेल आणि छप्परही होईल. यानं बांधकाम थोडं कमी होईल, बिल्डरचं गणित घट्ट होईल, सभासदांना मिळणारं घराचं जादा कार्पेट क्षेत्रफळही कदाचित घटेल. ते आम्हाला आमच्या सोसायट्यांच्या सभांमध्ये समजावून सांगावं लागेल. ती जबाबदारी आमच्यासारख्या रहिवाशांची, आणि ती घ्यायची माझी तयारी आहे.

तोवर निदान एवढं करा: गेल्या पाच वर्षांत या दोन विभागांत मोकळ्या जागेतली सूट कोणकोणत्या प्रस्तावांना दिली, किती मीटरची दिली आणि त्यापोटी किती प्रीमियम घेतला, याची यादी विभाग कार्यालयाच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावा.

आपला,
शिवाजी पार्क परिसरातला एक रहिवासी