मनू, कॅप्सूल सोडू नकोस

नाशिक

प्रिय मनू,

परवा तू फोनवर सहज बोलून गेलीस, "आठ दिवस सिकल सेलची कॅप्सूल घेतली नाही बाबा, तरी काही झालं नाही." मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर आवाज चढला असता. म्हणून लिहितोय.

सहा वर्षांची होतीस, तेव्हाही तुला काही होत नव्हतं. दिंडोरीच्या घरासमोर दोरीवरच्या उड्या मारत होतीस. सिकल सेल हा रक्ताचा आजार म्हणजे हातपाय दुखणं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. मग डॉक्टरांनी कानशिलावर प्रोब ठेवून डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, केली. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या वर निघाला. मला वाटलं, जोरात वाहतंय म्हणजे चांगलंच! डॉक्टर म्हणाले, "बागेत नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी कसं उडतं?" तेव्हा पोटात गोळा आला. विळ्यासारख्या वाकड्या पेशींनी रक्तवाहिनी आतून खराब होते, जाड होते, वाट अरुंद होत जाते. ती बंद झाली की पक्षाघात. लहान मुलालासुद्धा.

तेव्हापासून दर महिन्याला रक्त चढवायला एस.टी.नं नाशिक. अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला पक्षाघात बहुतेक टळतो, हे 1998 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं होतं. ते रक्त कोणाकोणाचं होतं, आपल्याला कधीच कळलं नाही. मला अजून त्या माणसांची आठवण येते. पुढे एमआरआयमध्ये रक्तवाहिन्या बऱ्या दिसल्या, म्हणून रक्त हळूहळू बंद करून हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे तुझी ही कॅप्सूल, आली. आता तुझा वेग ताब्यात आहे तो तिच्या जोरावर. ती सुटली तर वेग पुन्हा वाढू शकतो, आणि वाढताना काहीच जाणवत नाही गं.

तुझ्या रूममेटनं वाचलं ते खरं आहे, ब्लड कॅन्सरच्या काही पेशंटना हेच औषध देतात. पण म्हणून तुला कॅन्सर आहे असं नाही. तिला हे नीट सांग. आणि हेही सांगून ठेव: तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर झोपवून वाट बघायची नाही. लगेच 108, आणि पहिलं वाक्य "हिला सिकल सेल आहे." आम्हाला फोन नंतर.

डॉक्टरांशी बोललोय. आजपासून नेहमीचाच डोस, राहिलेल्या कॅप्सूल भरून काढायच्या नाहीत. दिवाळीत डॉपलरची तारीख घेतली आहे. आईनं तुझा लोकरीचा स्वेटर पाठवलाय, पहाटेच्या क्लासला तो घालूनच जा. पाण्याची बाटली सोबत ठेव.

रात्री कॅप्सूल घेतलीस की फोन कर. कितीही वाजले तरी मी जागा आहे.

तुझा,
बाबा