मे महिन्यातल्या खड्ड्यावर विश्वास ठेवू नका, असं सांगणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर शाल-श्रीफळ रीतसर मिळालंच असेल. पुण्यात पावसाळी लाइन (पावसाचं पाणी वाहून नेणारे नळ), नाले आणि पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र तुमचे आभार कामाच्याच भाषेत मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार चाचणीबद्दल. पाणी जमिनीत किती वेगाने मुरतं, ही शोषखड्ड्याची चाचणी निविदेच्या घाईत मे महिन्यात उरकली जाते. तेव्हा काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. बादलीभर पाणी ओतलं की गडप. कागदावर आकडा झकास येतो. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. तुमची रीत अशी: काळी माती काढून मुरमापर्यंत जायचं. तिथं फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन आदल्या दिवशी पाण्याने भरून भिजत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा आणि दर अर्ध्या तासाला पट्टीने पातळी मोजायची. लागोपाठची मापं सारखी येऊ लागली की शेवटचं माप धरायचं. पहिलं माप फसवंच असतं. मुरमाऐवजी अखंड कातळ लागला तर शोषखड्ड्याचा हट्ट सोडून पाणी थोपवून हळूहळू सोडणारी टाकी करा, हे तुम्ही समोर कोणीही असो, स्पष्ट सांगत आलात.

दुसरे आभार हिशेबाबद्दल. दोन मीटर लांब, रुंद, खोल खड्डा म्हणजे ८,००० लिटर, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठोकून दिलं जातं. पण त्यात खडी भरली की पोकळी उरते साधारण ४० टक्के, म्हणजे ३,२०० लिटर. १,००० चौरस मीटरच्या काँक्रीट पार्किंगवर २५ मिमी पाऊस झाला तर पाणी येतं जवळपास २५,००० लिटर. बाकीचं कुठं जाणार, हे आधी विचारायचं, ही सवय तुमची. आणि ते जादा पाणी जवळ पडतं म्हणून ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचं नाही, ही ताकीदही तुमचीच. तसं जोडलं की पहिल्या जोराच्या सरीला मैलापाणी तळमजल्याच्या संडासातून वर येतं.

रस्त्याचं पाणी बागेत मुरावं म्हणून धरायच्या लेव्हलबद्दल तर किती लिहावं! बाग रस्त्यापेक्षा उंच आणि कडेला सलग कठडा, हे दृश्य गावभर आहे. अशा बागेत रस्त्याचं पाणी शिरत नाहीच, उलट बागेची माती वाहून पावसाळी लाइनच्या जाळीत बसते. वाफा रस्त्यापेक्षा १० ते १५ सेंमी खाली, कठड्यात मधूनमधून फटी, फटीच्या तोंडाशी धूप होऊ नये म्हणून दगड, आणि जादा पाणी बाहेर सोडणारी जाळी वाफ्याच्या तळापेक्षा वर: चार ओळींचं काम. तरी डांबराचा एक नवा थर पडला की फटी निम्म्या बुजतात. त्यामुळे जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नका, यासाठी तुम्ही जे भांडलात ते आम्ही विसरलेलो नाही.

आणि तुम्ही कधी भुरळ घातली नाहीत. मुंबईच्या जुन्या पावसाळी लाइनी ताशी २५ मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून येईल, असं धरून बांधलेल्या. म्हणजे हेक्टरी सेकंदाला ३५ लिटर. ताशी ५० मिमी आणि सगळंच पाणी वाहणार असं धरलं तर तेच १३९ लिटर होतं: पाऊस दुप्पट, पाणी चौपट. हे गणित तुम्ही फळ्यावर मांडायचात आणि लगेच सांगायचात की २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्यापुढे कुठलाही शोषखड्डा टिकत नाही. रोजच्या सरींसाठी खड्डे आणि वाफे. मोठ्या पावसासाठी नाल्याची पूर्ण रुंदी मोकळी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला पूर येऊन काठावर काय झालं ते पाहिल्यावर यात वाद घालायला जागा उरली नाही.

गाळकुंडीचं कलमही तुमचंच: खड्ड्याआधी गाळकुंडी हवीच, आणि ती पावसाळ्याआधी एकदा नव्हे, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच पुन्हा उपसायची, कारण वर्षभराची धूळ त्याच पाण्यात येते. निविदेत हे वेगळ्या दराने लिहिलं नाही तर ठेकेदार ते करत नाही. आता आम्ही लिहितो.

एक गोष्ट मात्र अजून जमत नाही. पाणी झिरपणाऱ्या पेव्हरच्या फटीत २ ते ५ मिमीची धुतलेली खडी भरायची असते. साइटवर हमखास कच (दगडाची बारीक भुकटी) येऊन पडते आणि वर्षभरात फटी सिमेंटसारख्या घट्ट होतात. खाणीवरूनच चाळून कशी घ्यावी, यासाठी तुम्हाला पुन्हा त्रास द्यायला येणार आहोत. काकूंना नमस्कार.

आपले,
पावसाळी लाइनवरचे तुमचे विद्यार्थी, पुणे