आई-बाबा, ती रग्बी सोडणार नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर चिऊच्या, म्हणजे तुमच्या नातीच्या, रग्बीवरून बाबा एवढंच म्हणाले, "काढून टाका तिला त्यातून", आणि फोन आईकडे दिला, मग आईने दात, नाक, हात आणि पुढे जाऊन लग्न अशी सगळी यादी वाचली, माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता सविस्तर टाईप करतेय. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

तिच्या गुडघ्याचा तो फोटो तुम्हाला पाठवला तुमच्या जावयांनी, आणि वर हसायची इमोजी टाकली. त्यांच्याशी मी वेगळं बोललेय. ते नुसतं खरचटलं होतं, चिखल धुतल्यावर काही नव्हतं.

चिऊने रग्बी काल-परवा सुरू केलेली नाही. आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो आणि ज्या गावावरून या खेळाला नाव पडलं ते रग्बी गाव ट्रेनने अगदी जवळ आहे. तिथल्या शाळेत 1823 मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या पोराने फुटबॉल खेळताना बॉल हातात घेतला आणि पळत सुटला अशी गोष्ट सांगतात, पुतळा पण आहे त्याचा, इतिहासवाले म्हणतात पुरावा काही नाही, पण पुरुषांच्या वर्ल्डकपच्या ट्रॉफीला त्याचंच नाव आहे. तर इथे पोरं सहा-सात वर्षांची असतानाच रविवारी सकाळी क्लबच्या मैदानावर जातात. अंडर सेव्हन, अंडर एटला कोणी कोणाला पाडत नाही, कमरेला पट्टा आणि त्याला दोन रिबिनी, रिबीन ओढली की झालं, याला टॅग म्हणतात. चिऊ तिथूनच आलीय. पाडापाडी अंडर नाईनपासून हळूहळू शिकवतात, एकदम नाही.

आता क्लबात मुलींची टीम सुरू करायचं काय काढलं ते सांगते, कारण आई तू म्हणालीस "तुला घरची कामं कमी आहेत का". इथला नियम असा की अंडर इलेव्हनपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळतात, अंडर ट्वेल्व्हपासून मुलींनी फक्त मुलींच्यात खेळायचं. नियम मला पटतो. पण आमच्या क्लबात मुलींची टीमच नव्हती! म्हणजे इतकी वर्षं ज्या पोरांबरोबर धावली त्यांनी पुढे जायचं आणि हिने काठावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, नाहीतर रोज कोण नेणार-आणणार अशा लांबच्या क्लबात जायचं. बहुतेक मुली इथेच सोडतात, आईवडील म्हणतात आता नेटबॉल खेळ. चिऊ दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग मी आणि अजून दोन मुलींच्या आया क्लबच्या कमिटीसमोर गेलो, म्हटलं मुलींचा सेक्शन आम्ही चालवतो, मैदान आणि बॉल तुम्ही द्या.

हो म्हणाले लगेच, पण मग कागद सुरू झाले. पोरांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचं डीबीएस, म्हणजे आपल्याकडच्या पोलीस व्हेरिफिकेशनसारखं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक माणूस नेमलेला हवा, फर्स्ट एड शिकलेला माणूस हवा, कोचचे कोर्स, प्रत्येक मुलीचं ऑनलाईन रजिस्ट्रेशन. मी कोच नाहीये हां, मला अजून लाईनआउट, म्हणजे बाहेर गेलेला बॉल परत आत टाकतात ते, धड कळत नाही, मी टीम मॅनेजर, म्हणजे मेसेज टाकणे, पैसे गोळा करणे आणि कोणाचे बूट राहिले ते शोधणे. बाबांचं गणपती मंडळाचं खजिनदारपण आठवलं मला, ते का चिडायचे ते आता कळतंय. शाळांमध्ये पत्रकं वाटली, सुरुवातीला बोटावर मोजण्याइतक्या मुली आल्या, त्यातल्या निम्म्या मैत्रिणीबरोबर नुसत्या बघायला. मग 2025 चा बायकांचा वर्ल्डकप इथे इंग्लंडमध्येच झाला. 27 सप्टेंबरला लंडनमध्ये ट्विकनहॅमला फायनल, 81,885 माणसं स्टेडियममध्ये, इंग्लंडने कॅनडाला 33-13 हरवलं. आम्ही क्लबहाऊसमध्ये मोठ्या स्क्रीनवर बघितली. त्यानंतर फोन थांबेनात. तरी टीम पुरी भरत नाही, म्हणून कधीकधी शेजारच्या क्लबातल्या मुलींना जोडून खेळवतो, ते चालतं इथे.

आता लागण्याचं. लागतं. खोटं सांगत नाही. कबड्डीत लागत नव्हतं का, बाबांचा डावा घोटा अजून पावसाळ्यात दुखतो तो कुठून आला? आणि बाबा, तुम्हाला तर हे बघायला आवडेल, पाडायचं कसं हे शिकवायच्या आधी पडायचं कसं हे शिकवतात, मग गुडघ्यावर बसून पकड, मग चालत, मग पळत. डोकं समोरच्या मुलीच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, दोन्ही हातांनी कवळ घालायची. 2023 पासून इथल्या क्लब आणि शाळांच्या रग्बीत टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं, छातीच्या हाडाच्या खालीच करायचा असा नियम आलाय, त्याच्या वर गेलात की पेनल्टी. दातांना माउथगार्ड असतं, गरम पाण्यात मऊ करून दातात चावून बसवायचं. आई, हेल्मेट का नाही विचारलंस ना, कडक काही डोक्यावर घातलं तर दुसऱ्या मुलीलाच लागेल, म्हणून परवानगीच नाही. मऊ टोपी मिळते, तिने कान आणि कातडी वाचते, पण मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही, म्हणून त्या टोपीच्या भरवशावर मी नाही. डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी मुलीला बाहेर काढतात, त्या दिवशी परत आत नाही, आणि कन्कशन, म्हणजे मेंदूला हिसका बसलेला, असेल तर 21 दिवसांच्या आत मॅच खेळता येत नाही. कोचशी वाद घालणारे आईबाप असतात, आमच्याकडे त्यांचं चालत नाही.

मला स्वतःला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, इथे रेफरीला सगळे "सर" म्हणतात. ती बाई असेल तर "मिस". चुकीचा निर्णय दिला तरी फक्त कॅप्टनने विचारायचं, बाकीच्यांनी गप्प. आईबापांना दोरीच्या मागे उभं करतात. बाबा, तुमची शिक्षकी अजून जिवंत आहे अशी हीच एक जागा मला या देशात सापडली. मॅच संपली की दोन्ही टीमा एकत्र जेवतात, चिऊ चिप्स आणि बीन्स खाते, सॉसेज शेजारणीला देते.

आणि हे गोऱ्यांचंच खूळ आहे असं काही नाही. पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कॅप्टन राहिलीय, आपल्या मुलींनी 2019 मध्ये मनिलात सिंगापूरला 21-19 हरवून पंधरा जणींच्या रग्बीतली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कपासाठी खेळतात तो कलकत्ता कप तर आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे, 1878 मध्ये कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले पैसे काढून वितळवले, झाकणावर हत्ती आणि कपाच्या कानांना नाग. चिऊने हे वर्गात सांगितलं, भाव खाऊन आली.

तर सोडवणार नाही. तुम्ही फोनवर तिला "सोड" म्हणू नका एवढंच मागणं आहे, ती आजोबांचं ऐकते आणि मग रात्री मला रडून विचारते. विचारायचंच असेल तर विचारा की कुठल्या पोझिशनला खेळतेस. सध्या स्क्रम-हाफ, म्हणजे पुढच्या घोळक्यातून बॉल काढून मागच्यांना देणारी, लहान चणीची आणि तोंडाळ मुलगी लागते तिथे, आपल्या घरात कमी नाही.

मे महिन्याची तिकिटं काढू नका, तोवर सीझन संपलेला असतो. गणपती उरकून ऑक्टोबरात या, थंडी असेल पण मॅचेस बघायला मिळतील. बँक स्टेटमेंट सहा महिन्यांचं काढून ठेवा व्हिसासाठी, आणि बाबांनी घोट्याचा एक्स-रे आधी करून घ्यावा, ही विनंती नाही.

तुमची,
ताई