जुने कॉम्प्युटर वाटताय, मग लिनक्सच्या व्हर्जनची मुदतही लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून मुंबईत जुने कॉम्प्युटर वाटण्याचं प्रमाण चांगलंच वाढलंय. ऑफिसवाले म्हणतात या मशीनवर विंडोज ११ चालत नाही, मग कुणीतरी ते गोळा करतं, लॅमिंग्टन रोडवरून रॅम नाहीतर एसएसडी टाकून आणतं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवतं आणि ते मशीन मंडळाच्या अभ्यासिकेत, वाचनालयात नाहीतर एखाद्या शाळेत जातं, नारळ फुटतो, फोटो निघतात. हे फार चांगलं काम आहे आणि अजून व्हायला पाहिजे. पण ते मशीन दोन-तीन वर्षांनी कसं चालतंय हे बघायला कुणी परत येत नाही, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

मी अंधेरीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, आणि रविवारी लालबाग-परळ भागातल्या एक-दोन अभ्यासिकांचे पीसी बघते. तिथे येणारी पोरं एमपीएससीची, पोलीस भरतीची, घरी दहा बाय बाराची खोली आणि त्यात पाच माणसं, त्यामुळे अभ्यासिकेतला तो एक पीसी म्हणजे फॉर्म भरायचं, हॉलतिकीट काढायचं, जुने पेपर बघायचं एकमेव ठिकाण. मध्ये एक मुलगी फॉर्म भरायला बसली तर पोर्टल उघडेना, ब्राउझर जुना आहे अपडेट करा एवढंच सांगत होतं. तिने अपडेट दाबलं तर काहीच होईना. मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ॲप्ट अपडेट ही अपडेटची यादी आणायची कमांड दिली तर एकाखाली एक ४०४ नॉट फाउंड, आणि शेवटी या रिपॉझिटरीला रिलीज फाइल नाही असा मेसेज. नेट व्यवस्थित, मशीन व्यवस्थित, बिघाड होता फक्त एका छोट्या फाइलमधल्या तीन-चार ओळींत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनक्सवर सॉफ्टवेअर आणि सिक्युरिटीचे पॅच एका ठरावीक सर्व्हरवरून येतात, त्याला रिपॉझिटरी म्हणतात, बोलताना सगळे रेपो म्हणतात. रेपो कुठे आहे आणि त्यातलं कुठलं व्हर्जन घ्यायचं हे मशीनमधल्या सोर्सेस डॉट लिस्ट नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक व्हर्जनला मुदत असते, डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात साधारण तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्ट, धरून एकूण पाच. मुदत संपली की काही काळाने ते व्हर्जन मेन सर्व्हरवरून उचलून आर्काइव्हमध्ये ठेवतात. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात गेली आणि पोस्टमन अजून जुन्या खोलीचा नंबर शोधतोय, अशी त्या मशीनची गत होते. अभ्यासिकेतल्या पीसीवर डेबियन १० होतं, म्हणजे बस्टर, २०१९ मध्ये आलेलं, त्याचं एलटीएस ३० जून २०२४ ला संपलं. ज्याने ते टाकून दिलं त्याने कुठेच हे लिहून ठेवलं नव्हतं आणि मंडळाच्या पोरांना कळायचा काही मार्गच नव्हता.

आता यावर इंटरनेटवर सगळ्यात पटकन मिळणारा उपाय म्हणजे पत्ता बदलून आर्काइव्हचा टाका. टाकला की ४०४ जातात, सगळं हिरवंगार दिसतं आणि लोक खूश. पण आर्काइव्हमध्ये नवीन पॅच येत नाहीत हो! तिथे जुनं जसं होतं तसं ठेवलेलं असतं. शेवटची पॅकेजेस घेऊन मशीन पुढच्या व्हर्जनला न्यायचं असेल तेवढ्यापुरतं ते ठीक आहे, पण त्यावर कायमचं मशीन चालवायचं आणि त्याच मशीनवर पोरांनी आधार नंबर टाकायचा, बँकेचे डिटेल टाकायचे, हे मला अजिबात पटत नाही.

दुसरा उपाय म्हणजे फाइलमध्ये जिथे जिथे बस्टर लिहिलंय तिथे बुलसाय करा, म्हणजे डेबियन ११. आणि इथे एक फार वाईट खाच आहे जी मी पूर्व उपनगरातल्या एका वाचनालयात स्वतः बघितली. बस्टरपर्यंत सिक्युरिटीच्या ओळीत व्हर्जनचं नाव बस्टर स्लॅश अपडेट्स असं असायचं. बुलसायपासून ते बदलून बुलसाय-सिक्युरिटी असं झालं. नुसतं शब्दाच्या जागी शब्द टाकला की ओळ होते बुलसाय स्लॅश अपडेट्स, आणि अशी जागा सर्व्हरवर नाहीच. मेन रेपो चालतो, नवीन सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, अपडेट करताना एखादी एररची ओळ येते तिच्याकडे कोण बघतंय, आणि सिक्युरिटीचा एकही पॅच येत नाही. महिनोन्महिने! बाहेरून बघणाऱ्याला मशीन नवं कोरं वाटतं. त्या वाचनालयातल्या काकांना मी ती ओळ दाखवली तर ते म्हणाले, अहो ताई आम्हाला वाटलं प्रिंटरचं काहीतरी असेल. त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बुलसायचीसुद्धा एलटीएसची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ एवढीच आहे, त्यामुळे तिथे थांबून उपयोग नाही. आणि डेबियनमध्ये मधलं व्हर्जन गाळून उडी मारता येत नाही, १० वरून ११, मग १२ म्हणजे बुकवर्म, मग १३ म्हणजे ट्रिक्सी, असं पायरी पायरीने जावं लागतं, प्रत्येक पायरीला आधी बॅकअप. बुकवर्मला अजून एक बदल झालाय, वायफाय वगैरे चालायला हार्डवेअरमध्ये भरावं लागणारं जे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, लागतं ते वेगळ्या विभागात गेलंय, त्याचं नाव नॉन-फ्री-फर्मवेअर, ते ओळीत जोडलं नाही तर त्या फर्मवेअरचे पुढचे अपडेट येणं बंद होतं आणि कोऱ्या मशीनवर तर वायफायचा डाँगल चालतच नाही. अन् मशीन ३२ बिटचं असेल तर बुकवर्मच्या पुढे जाताच येत नाही कारण ट्रिक्सीत ३२ बिट इंटेलसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दोन्ही बंद केलेत. म्हणजे दान घेण्याआधीच विचारलं पाहिजे की प्रोसेसर ६४ बिटचा आहे का.

आता स्टेबल या शब्दाबद्दल. फाइलमध्ये व्हर्जनच्या नावाऐवजी नुसतं स्टेबल लिहिलं तरी चालतं आणि बरेच इन्स्टॉल करणारे तेच लिहितात, त्यांना वाटतं म्हणजे कायम नवीनच मिळेल, कटकट नाही. पण स्टेबल म्हणजे आज जे कुठलं चालू व्हर्जन आहे ते. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी आलं त्या दिवशी स्टेबलचा अर्थच बदलला, काल १२ होतं आज १३. ॲप्ट विचारतं की कोडनेम बदललंय, चालेल का, पण अभ्यासिकेत बसलेला पोरगा यस दाबून मोकळा होतो, आणि मग भर परीक्षेच्या फॉर्मच्या सीझनमध्ये आख्खी सिस्टिम एका व्हर्जनमधून दुसऱ्यात जायला लागते, मध्येच कुणीतरी स्विच बंद करतं आणि संपलं. सार्वजनिक मशीनवर नाव लिहायचं, ट्रिक्सी तर ट्रिक्सी, आणि पुढचं अपग्रेड कधी करायचं ते माणसाने ठरवायचं.

तशीच टेस्टिंगची ओळ, म्हणजे पुढचं व्हर्जन जिथे अजून तयार होतंय त्या रेपोची. एखादं सॉफ्टवेअर नवीन पाहिजे म्हणून लोक टेस्टिंगचा रेपो जोडून ठेवतात आणि काढायला विसरतात. मार्च २०२४ मध्ये फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा टूलमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातलेला सापडला, अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय म्हणून संशय आला आणि ते उघडकीला आलं. ते खराब व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि त्याच्याही आधीच्या पायरीच्या अनस्टेबलमध्ये पोचलं होतं, स्टेबलमध्ये पोचलं नव्हतं. एवढं एकच कारण मला तरी पुरेसं वाटतं. खरंच नवीन सॉफ्टवेअर पाहिजे असेल तर बॅकपोर्ट्स म्हणून वेगळी सोय आहे, ती त्याच व्हर्जनसाठी बांधलेली असते.

उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचं थोडं वेगळं आहे पण दुखणं तेच. दुकानवाला सांगतो लेटेस्ट टाकलंय, म्हणजे २३.१० वगैरे, आणि गिऱ्हाईक खूश. पण एलटीएस नसलेल्या व्हर्जनला फक्त नऊ महिने सपोर्ट असतो, २३.१० चा जुलै २०२४ लाच संपला. शाळा, अभ्यासिका, वाचनालय यांच्यासाठी एलटीएसच टाकायचं, २२.०४ नाहीतर २४.०४, त्याला पाच वर्षं मिळतात. २०.०४ वाल्यांची पाच वर्षं मे २०२५ मध्ये भरली, अशी मशीन मुंबईत अजून खूप दिसतात.

आणि एक गोष्ट कृपा करून कुणी करू नका. रेपोवर सही असते, म्हणजे पॅकेज खरंच त्या प्रोजेक्टने दिलंय हे मशीन किल्लीने तपासतं. कधी किल्ली जुनी झाली की एरर येते आणि मग कुठूनतरी शोधून लोक त्या ओळीत ट्रस्टेड इज इक्वल टू यस टाकतात, किंवा रेडहॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये सही तपासण्याच्या जीपीजीचेक या सेटिंगच्या पुढे शून्य टाकतात. एरर गेली, पण आता त्या नावाखाली काहीही आलं तरी मशीन ते गपगुमान घेणार. किल्ली नवीन घालायला पाच मिनिटं लागतात, आणि नवीन पद्धतीच्या डॉट सोर्सेस फाइलमध्ये साइन्ड-बाय म्हणून रकानाच असतो, कुठल्या रेपोला कुठली किल्ली ते स्वच्छ दिसतं. ट्रिक्सीत तर ॲप्ट मॉडर्नाइज-सोर्सेस ही कमांड दिली की जुनी फाइल आपोआप नव्या पद्धतीत लिहून मिळते.

हे फक्त दानातल्या पीसीचं नाहीये, कॉलेजं आणि छोट्या ऑफिसांच्या सर्व्हरचं पण तेच चाललंय. रेडहॅटच्याच घराण्यातल्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याची मिररलिस्ट, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यांची यादी, बंद झाली, आणि बहुतेकांनी यम डॉट रेपोज डॉट डी या फोल्डरमधल्या रेपोच्या फाइलींमध्ये व्हॉल्टचा, म्हणजे सेंटओएसच्या आर्काइव्हचा, पत्ता टाकून वेळ मारून नेली. व्हॉल्ट म्हणजे परत तेच, नवीन पॅच शून्य. त्या आधी सेंटओएस ८ ला तर २०२९ पर्यंतचा भरवसा दिलेला आणि २०२१ च्या शेवटी बंद केलं, त्यामुळे लोक वैतागले हे मी समजू शकते, पण अल्मा आणि रॉकी हे दोन्ही पर्याय २०२१ पासून आहेत. तिथेही रिलीजव्हर या व्हर्जन आपोआप भरणाऱ्या शब्दाच्या जागी ८.६ असं बारीक व्हर्जन कायमचं कोरून ठेवणारे भेटतात, मग पुढचं आलं की ८.६ व्हॉल्टमध्ये जातं आणि सर्व्हर तिथेच अडकतो.

काही जण म्हणतात अभ्यासिकेत नेट कुठे एवढं असतं, दहा पीसी अपडेट करायचे तर सगळा डेटा संपेल. त्यालाही सोय आहे, ॲप्ट-कॅशर-एनजी नावाचं सॉफ्टवेअर एका पीसीवर टाकायचं आणि बाकीच्यांना त्याच्या ३१४२ पोर्टवर पाठवायचं, पॅकेज एकदाच डाउनलोड होतं आणि बाकी सगळे तिथून उचलतात. आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालतं.

केरळात शाळांसाठी काइट ही सरकारी संस्था उबुंटूच्या एलटीएसवर बांधलेली स्वतःची सिस्टिम काढते, म्हणजे कुठल्या शाळेत कुठलं व्हर्जन हे कुणालातरी माहीत असतं. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५ पासून आहे. आपल्या पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतसुद्धा आहेत, लिनक्सचेही आहेत. मग मुंबईत एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं असताना एकेका कॉलेजने आजूबाजूच्या चार-पाच अभ्यासिका दत्तक घ्यायला काय हरकत आहे, पोरांना एनएसएसचे तास भरायचेच असतात, वर्षातून दोनदा येऊन सोर्सेस फाइल बघितली आणि अपग्रेड केलं तरी पुष्कळ झालं. महापालिकेने आणि सीएसआरवाल्या कंपन्यांनी कॉम्प्युटर देताना करारात एक ओळ घालावी की व्हर्जन एलटीएसच असेल आणि मुदत संपायच्या आधी पुढचं टाकून द्यायची जबाबदारी कुणाची. आणि देणाऱ्याने कॅबिनेटवर एक कागद चिकटवावा, त्यावर देणगीदाराचं नाव असतंच, त्याच्याच खाली लिहायचं, व्हर्जन डेबियन १३ ट्रिक्सी, पूर्ण सपोर्ट ऑगस्ट २०२८ पर्यंत, एलटीएस जून २०३० पर्यंत, अडलं तर फोन कुणाला करायचा.

आपल्याला एक विनंती आहे. पेपरात पंचांग येतं, लोकलच्या मेगाब्लॉकची चौकट येते, तशी वर्षातून दोनदा एक छोटी चौकट छापा, लोकांच्या वापरातल्या कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत येत्या सहा महिन्यांत संपतेय त्याची. अभ्यासिकेत पेपर रोज येतो आणि पोरं तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, त्यांना कळलं की ती आम्हाला शोधत येतील. माहिती मी काढून द्यायला तयार आहे, त्याचं मानधन नको.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई